सलीमभाईंच्या दुकानात ‘फाइल गेली’ म्हणत येणारी मोठी माणसं

उमरीत सलीमभाईंच्या कम्प्युटर दुकानात कामाला लागून मला दोन वर्षं झाली. एवढ्या काळात दुसरं काही जमो न जमो, किस्से जमतातच. त्यातले निम्मे एकाच आजाराचे. फाइल जाग्यावर असते, पण भलत्याच प्रोग्राममध्ये उघडते. कम्प्युटरनं कधीतरी विचारलेलं असतं, ‘ही फाइल नेहमी यातच उघडू का?’ आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी न वाचता ‘नेहमी’ दाबलेलं असतं. वाचायचं काम त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवलंय!

वडीलधाऱ्यांवरून आठवलं. मी इंजिनिअरिंग सेकंड इयरला सोडलं, त्या दिवसापासून पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. तहसीलमधून रिटायर झालेले कारकून. आम्ही एकाच घरात राहतो, मधे आई निरोप पोचवते. उमरीला खरं माहीत आहे, म्हणून ते फक्त बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगतात, ‘पोरगं फायनलला हाय.’

*

एक रिटायर हेडमास्तर लॅपटॉप घेऊन आले. सगळे फोटो नोटपॅडमध्ये उघडत होते. स्क्रीनभर नुसती चिन्हं.

‘व्हायरस घुसला. सुनेनं घुसवला. जन्मभर भाषा शिकवली मी, ही कुठली लिपी हाय?’

‘सर, हा तुमच्या नातवाचा वाढदिवस हाय.’

सर स्क्रीनवर वाकले. डोळे बारीक करून म्हणाले, ‘कोणत्या नातवाचा?’

*

जमिनीवाले एक पाटील. त्यांचा सातबारा व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडायचा.

‘अर्धा घंटा झाला, सुरूच होऊन न्हाई राहिला. आवाज फुल केला, तरी बी न्हाई!’

‘पाटील, सातबारा हाय. तो बोलत नसतो.’

‘आमच्या भाऊबंदांच्यात लई बोलतो!’

*

एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. फॉर्मसाठी फोटोची पीडीएफ हवी होती. साहेबांनी फाइलच्या नावातलं टिंबापुढचं खोडलं आणि तिथं पीडीएफ लिहून टाकलं.

‘आता का उघडत न्हाई?’

‘पाटी बदलली साहेब. आत फोटोच हाय.’

‘तुझं शिक्षण किती रे?’

‘सेकंड इयर. सोडलं.’

‘तरीच!’ म्हणाले, आणि फाइलचं नाव पुन्हा बदललं. या वेळी पीडीएफ कॅपिटलमध्ये लिहिलं!

*

हे तंत्र आमच्या घरीही चालतं. ताईला लातूरचं स्थळ आलं. बायोडेटात माझ्या नावापुढं पप्पांनी ‘इंजिनिअरिंग, फायनल इयर’ टाकलं. ताईनं त्यांना तोंडावर सांगितलं, ‘त्या पोरानं विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई. मोडलं तर मोडू द्या.’

पाहुणे रविवारी यायचे होते. पप्पांकडून माझ्यासाठी निरोपही आला नाही.

*

त्याच आठवड्यात एक नाना आले. एकाच लॅपटॉपवर चार ब्राउजर, आणि प्रत्येक जण म्हणतोय, मलाच मुख्य करा.

‘नाना, एवढं सगळं टाकलं कुणी?’

‘ते विचारतंय, मी हाव म्हणतो. एवढं अदबीनं विचारल्यावर न्हाई कसं म्हणायचं?’

नानांची सून बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, ‘मी बी अदबीनंच विचारलं होतं, नोकरी करू का म्हणून.’

नानांनी लॅपटॉप बंद केला. काम अर्धवट राहिलं.

*

शुक्रवारी दुकानात फोन आला. सलीमभाईंनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, ‘तेरे अब्बा हैं. बोलते, फाइल खुलती नहीं, किसी को भेजो.’

‘मग?’

‘मग क्या? कस्टमर है. जा!’

बॅग घेऊन मी माझ्याच घरी गेलो. बेल वाजवली. पप्पांनी दार उघडलं.

‘या. कम्प्युटर आत हाय.’

मला ‘या’! आई स्वयंपाकघरातून तोंडाला पदर लावून बघत होती.

ताईच्या बायोडेटाची वर्ड फाइल नोटपॅडमध्ये उघडत होती. ‘नेहमी’ कुणी दाबलं, ते मी विचारलं नाही. राइट क्लिक, ओपन विथ, वर्ड. दहा सेकंदांचं काम. फाइल उघडली, मी उठायला लागलो.

‘बसा. भावाच्या रकान्यात चूक हाय. तेवढी दुरुस्त करा.’

‘काय लिहू?’

‘जे हाय ते लिहा.’

मी लिहिलं: इंजिनिअरिंग सेकंड इयरला सोडलं. कम्प्युटर दुरुस्ती, उमरी. प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली.

पप्पांनी चष्मा लावला आणि पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग कागद माझ्यापुढं धरला.

‘दुकानाचं नाव न्हाई टाकलं तू.’