दादा घरात आहे, मग हरवला कोण?

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे खाली कृपा करून "देवाला नारळ द्या" असले सल्ले लिहू नका... सगळं करून झालंय!

आमचं घर देवगडजवळ जामसंड्याला. माझा थोरला भाऊ, दादा, मुंबईत एका परदेशी डॉक्टरच्या लॅबमध्ये मदतनीस होता. तिथे त्याचं सारखं रक्त काढून घेत. एकोणीसशे त्रेपन्नच्या सुमारास तो बोटीनं देवगड बंदरात उतरला, न कळवता. लहानपणी विळीवर तुटलेलं त्याचं बोट पुन्हा जागेवर... नखासकट!

शेजारच्या आक्का आईला म्हणाल्या, "मुंबयच्या डाक्टरान बोट परत लायल्यान गो बाय!" अख्खी वाडी खूश. मी मात्र त्याला विहिरीवर आंघोळ करताना पाहिलं. पोट सपाट. बेंबीच नाही! बेंबी नसलेला माणूस आईच्या पोटी येतोच कसा, सांगा ना मला?

मी बोंबलून सांगितलं, तर लोकांनी काय करावं? भूतबाधा म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला. त्या कोंबड्याचे सागोती-वडे ह्यानंच चाटूनपुसून खाल्ले. अरे, भूत असता तर गेला असता! हा कुणीतरी बनवलेला होता, पण बनवलेल्या माणसावर आमच्याकडे गाऱ्हाणं कुठलं असणार?

शेवटी मीच त्याला पडवीत गाठला. "माझो दादा खंय आसा?"

तो शांतपणे म्हणाला, "थंयच आसा, त्या लॅबात. त्येंका अजून लागता तो."

तसाच त्याला ओढत फौजदाराकडे नेला. फौजदार हसायलाच लागले. "हरवलेला माणूस शेजारी उभा करून तक्रार द्यायला आलात?" मुंबईला जाऊन आलो, तर लॅबच्या दाराला कुलूप. ज्याला विचारावं तो म्हणे, भाऊ घरी आहे ना, मग शोधताय कुणाला? डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं हो!

बारा वर्षं अशीच गेली. हा शेतात राबायचा, आईचे पाय चेपायचा. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा आमच्याकडे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. दादाला निदान तेवढी तरी गती मिळावी म्हणून मी भटजींना बोलावलं. तर ते माझ्यावरच उखडले. "जित्या माणसाचा पुतळा जाळू? वेड लागलंय काय तुला?"

हा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "दर्भाचो पुतळो कित्याक व्हयो? मी आसंय मां... माकाच जाळा."

थट्टा नव्हती ती. खरंच अंगातला सदरा काढायला लागला.

आई धावत आली. त्याला पोटाशी धरून माझ्यावर ओरडली, "एक गेलो तो गेलो... ह्येका तरी रवांदे रे माझ्याजवळ!"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

दादाचं कार्य आजतागायत झालेलं नाही. तो मेला की जिवंत आहे, हा कोण होता, कुणी केला... काही म्हणजे काही कळलेलं नाही मला.