विरोधाचा मानकरी

गेरेऑन एसर माझ्या दुकानात पहिल्यांदा आला, त्याच दिवशी मला त्याचा संशय आला. तसा मला सगळ्यांचाच येतो. ऱ्हाईनच्या धक्क्याजवळ बिअरचं दुकान चालवायचं, डोक्यावर प्रशियन पोलीस, समोर तहानलेले कारागीर आणि नवरा देवाघरी; अशा बाईने संशय नाही घ्यायचा तर काय माळ जपत बसायचं? पण याचा जरा जास्तच आला, कारण हा एकच ग्लास घ्यायचा. फेस बसून बिअर मेली तरी ग्लास अर्धा भरलेला. दुकानात बसून जो पीत नाही तो ऐकत असतो, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं होतं.

तो सुतार होता, आयफेलच्या डोंगरातला. कपाटं, दारं, जिने असलं बारीक काम करायचा. तिशीचा, रुंद खांद्यांचा, आवाज मात्र एवढा मऊ की ऐकायला वाकावं लागे. भिंतीला पाठ लावून बसायचा. कुणी काही बोललं की म्हणायचा, "थांब, परत सांग. सावकाश." आता सांगा, दुसऱ्याचं बोलणं सावकाश कोण मागतो? ज्याला ते पुढे कुणाला तरी सांगायचं असतं तो. शिवाय रविवारी सकाळी हा चर्चमध्ये जायचा आणि तिथून सरळ माझ्या मागच्या खोलीत, देव नाही म्हणणाऱ्यांच्या बैठकीला. कोटाला धुपाचा वास तसाच.

"चर्चमध्ये कशाला जातोस रे?" मी एकदा विचारलं.

"तिथले बाक बघायला जातो, बाई. चारशे वर्षांपूर्वीचं कोरीव काम आहे. सांधा कुठे आहे ते अजून सापडलं नाही मला."

बाक बघायला! मी मनात म्हटलं, थाप मारायची तर जरा बरी मार.

मागच्या खोलीतल्या बैठकीला बाहेरच्या जगात गायन मंडळ म्हणत. पोलिसांनी गायनालाच परवानगी दिली होती. म्हणून सुरुवातीला सगळे मिळून एक गाणं म्हणत, रस्त्यावर ऐकू जाईल अशा बेताने. गाणं इतकं भिकार असे की पहाऱ्यावरचा शिपाई लगेच पुढे सरके. मग खिडकी लागे, मी बिअर आणि चीज-पाव आत नेई, आणि डॉक्टर ओव्हरात नावाचे गृहस्थ पुस्तक उघडत. हे डॉक्टर म्हणजे तत्त्वज्ञानाचे. बर्लिनला शिकून आलेले, नास्तिक म्हणून विद्यापीठाने दाराबाहेर ठेवलेले, आणि दोन्ही कोपरांना ठिगळं. पुस्तकं मात्र विटेएवढी जाड. त्यालाही कारण होतं. वीस फर्म्यांपेक्षा, म्हणजे तीनशेवीस पानांपेक्षा, जाड पुस्तक छापण्याआधी तपासायचं नाही, असा सरकारचा कायदा. एवढं जाडजूड गरीब माणूस वाचणार कशाला, असं सरकारचं गणित. ते अगदीच चुकलं होतं असंही नाही. तिसऱ्या पानाला निम्मी खोली पेंगायची.

गेरेऑन पेंगत नसे. बर्लिनच्या कुणा मेलेल्या प्रोफेसरांचं म्हणणं डॉक्टर समजावून सांगत. जगात काहीच जागेवर थांबत नाही. प्रत्येक गोष्ट आपल्या पोटातून आपलाच विरोधक जन्माला घालते, दोघांची जुंपते आणि त्यातून तिसरंच काहीतरी निघतं. मालक नोकरावर हुकूम चालवतो, पण हळूहळू मालकाला काहीच येईनासं होतं आणि नोकराच्या हाताला सगळं येतं. हे ऐकून गेरेऑन म्हणाला, "बरोबर. लाकूड अडतं, म्हणून हात शिकतो." पुढे डॉक्टर म्हणत, माणसाने आपल्यातलं चांगलं ते सगळं काढून आभाळात ठेवलं, त्याला देव म्हटलं आणि मग त्याच्यासमोर भिकाऱ्यासारखा उभा राहिला. कारखान्यात तेच होतं. आपलीच मेहनत बाहेर जाऊन आपल्यावर मालक होऊन बसते. दारात थाळी घेऊन उभी असताना हे मलाही पटायचं. पण बायकांना त्या खोलीत मत नव्हतं. जगातले सगळे मालक उलथवायचे होते, बिअर मात्र मीच आणायची.

या मंडळींनी स्वतःसाठी एक नियम केला होता. डॉक्टर म्हणत, "जे तपासलं नाही तो विचार नाही, ती श्रद्धा. आणि श्रद्धा आपण चर्चमध्ये सोडून आलो." म्हणून दर रविवारी एकजण विरोधाचा मानकरी. जे वाचलं असेल, जो ठराव असेल, त्याच्या विरुद्ध त्याने उभं राहायचं, स्वतःला पटत असो वा नसो, आणि लुटूपुटूचं नाही, जीव ओतून. मग तिसऱ्या कुणीतरी उठून दोन्ही बाजूंतलं खरं वेचायचं आणि पुढचं पाऊल टाकायचं. कागदावर झकास. प्रत्यक्षात शिंपी पेश उभा राहायचा आणि म्हणायचा, "माझा विरोध आहे, म्हणजे तसा नाही, पण आहे," आणि टाळ्या घेऊन बसायचा.

गेरेऑनचा मान आला तेव्हा मात्र खोलीतली पेंग उडाली. देवावरचं प्रकरण वाचून झालं होतं. हा उठला आणि त्या मऊ आवाजात म्हणाला, "माझ्या आईची चार लेकरं गेली. आता डॉक्टरसाहेब तिला म्हणणार, आभाळात कुणी नाही, ते तुझंच मन आहे. ठीक. मग ती रात्री कुणाशी बोलणार? तुम्ही तिला काय देणार आहात, हे वीस फर्म्यांचं पुस्तक? तिला वाचता येत नाही." मग तो राजाच्या बाजूने बोलला, मग पोलिसांच्या. मी हातात थाळी घेऊन तशीच उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी कबूल करते.

तो बसल्यावर पेश माझ्या कानाशी लागला. "ऐकलंत, नेलेसबाई? इतकं पाठ कसं असतं एखाद्याला?"

"मनापासून बोलला."

"तेच तर म्हणतोय मी!"

आणि खरं सांगते, मलाही वाटलं, हो की.

मग मार्चमध्ये ब्रसेल्सचा एक पाहुणा यायचा ठरला. आपलाच जर्मन माणूस, घड्याळजी, तिकडच्या कारागिरांच्या मंडळाचा. रविवारी खोलीत ठरलं आणि खोलीबाहेर कुणाला सांगितलं नाही. गुरुवारी आखेनच्या गाडीतून तो उतरला, फलाटावर दोन पोलीस उभेच होते. त्याला संध्याकाळच्या गाडीने सरहद्दीपलीकडे सोडलं. म्हणजे खोलीतलाच कुणीतरी फुटला होता.

त्या आठवड्यात माझं दुकान दुकान राहिलं नाही. लोक यायचे, ग्लासावरून एकमेकांकडे बघायचे आणि हवापाण्याविषयी बोलायचे. कोण कुणाबरोबर गेला, कुणाचे बूट नवे, सगळं मोजलं जाऊ लागलं. मी स्वतः डॉक्टरांवर दोन दिवस संशय घेतला, पेशवर तीन. पण सगळ्यांची बोटं फिरून फिरून गेरेऑनवर यायची. पेशने तर सरळच म्हटलं, "वाळीत टाका."

कारागिरांत वाळीत टाकणं म्हणजे काय, ते सांगते. खोलीतला निरोप फिरत्या कारागिरांच्या तोंडून गावोगाव जातो. मग ड्युसेलडॉर्फ असो की फ्रँकफर्ट, अशा माणसाच्या शेजारच्या कामाच्या बाकापाशी रंधा घेऊन कुणी उभा राहत नाही. मालकाने त्याला ठेवलाच तर बाकीचे सगळे हत्यारं गुंडाळून चालते होतात. गेरेऑनजवळ रंध्याशिवाय काही नव्हतं.

रविवारी गाणं झालं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी भलेपणाने घोळ केला. ते म्हणाले, "आरोपापासून सुरुवात करणं हे पोलिसांचं काम. आपण उलट करू. ठराव असा: गेरेऑन एसर निर्दोष आहे. आता विरोधाचा मानकरी बोलेल." आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. त्या रविवारचा मानकरी गेरेऑनच होता.

"आज तो नियम राहू दे," डॉक्टर घाईने म्हणाले.

"का राहू दे?" पेश म्हणाला. "सोयीचं नसलं की नियम नाही, असं?"

गेरेऑन उठला. "नियम सोडला तर आपल्याकडे उरलं काय, डॉक्टरसाहेब? गाणं?"

कुणीतरी हसलं. मला वाटलं, आता हा काहीतरी युक्तीने स्वतःला सोडवून घेईल. त्याने कोट सारखा केला आणि स्वतःच्या विरुद्ध बोलायला सुरुवात केली. जीव ओतून.

"पाहुण्याचा दिवस आणि गाडी या एसरला ठाऊक होती. हा कमी पितो आणि जास्त ऐकतो. दुसऱ्याचं वाक्य परत परत म्हणवून घेतो. याचं गाव तुमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. याच्या आईची चार लेकरं गेली म्हणतो, तुम्ही मोजलीत? चर्चमध्ये बाक बघायला जातो म्हणतो; पाद्री आणि पोलीस एकाच ताटात जेवतात हे आपण इथेच शिकलो. आणि याच जागी उभा राहून हा राजाच्या बाजूने बोलला. माणूस इतकं मनापासून जे बोलतो, त्यातलं थोडं तरी त्याचं असतंच." तो थांबला. घाम आला होता त्याला. "विरोध पूर्ण झाला. आता तिसरं पाऊल."

तो बसला आणि वाट बघू लागला. एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, आता कोण उठेल म्हणून. कुणी उठलं नाही. डॉक्टर समोरच्या पुस्तकावर हात फिरवत राहिले, आणि बाकीचे, देवाशपथ सांगते, त्यांना ते सगळं पटलं होतं.

माझं डोकं फिरलं. थाळी आपटून मी आत शिरले. "अरे गाढवांनो! तो तुमचाच नियम पाळतोय! खरा पोलिसांचा असता तर रडून नाही नाही म्हणाला असता!"

"किंवा," पेश शांतपणे म्हणाला, "अस्सल पोलिसांचा माणूस नेमकं हेच करेल, नेलेसबाई. आपल्याला असंच वाटावं म्हणून."

त्या वाटेने गेलं की तळच लागत नाही. "बाई, हे तत्त्वज्ञान आहे," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मला दाराबाहेर काढलं. दार पुरतं लागलं नव्हतं. फटीतून मी वाळीत टाकण्यासाठी हात वर होताना पाहिले. डॉक्टरांचा सगळ्यात शेवटी, खांद्यापर्यंतच, पण झाला.

गेरेऑन बाहेर आला तेव्हा त्याचा ग्लास अर्धा भरलेलाच होता. तो त्याने माझ्या फळीवर ठेवला आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी मान एका चांभाराचा होता. डॉक्टरांनी वाचलं, विचारलं, "विरोध?" चांभार बसूनच म्हणाला, "माझा काही विरोध नाही." त्याच्या पुढच्याचाही नव्हता. कुणाचाच नव्हता. सगळ्यांना सगळं पटू लागलं, आणि उन्हाळ्यात पोलिसांनी येऊन खोलीला कुलूप घातलं तेव्हा त्यांना आतल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, बसायची जागा ठाऊक होती. गेरेऑनला वाळीत टाकून तेव्हा तीन महिने झाले होते.

त्याला शोधत मी होड्यांच्या पुलावरून नदीपलीकडे डॉइट्झला गेले. तिकडे मिंडेनच्या रेल्वेसाठी माती टाकायचं काम चालू होतं. मातीकामावर कारागीर नसतात, सगळे भुकेले लोक. तिथे वाळीत टाकलेला चालतो. तो सापडला. ज्या हातांनी सांधा न दिसणारी कपाटं केली ते हात फावड्याने सोलले होते. आम्ही ढिगाऱ्यावर बसलो. मी आणलेली सॉसेज आणि पाव त्याने खाल्ला. माझ्या मनात जे होतं ते मला काढून टाकता येईना, म्हणून विचारलंच.

"गेरेऑन, खरं सांग. पोलिसांना तू सांगितलंस का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं, रागावला नाही.

"नाही, बाई. मी नाही सांगितलं."

"मग मेल्या, हे तिथे का नाही बोललास?"

"तिथे ठराव होता, विरोध होता, हात होते," तो म्हणाला. "विचारलं कुणी? तुम्ही पहिल्या."

माझ्यासारख्या बाईने, जी सख्ख्या बहिणीने दिलेलं दूधही आधी बोट बुडवून बघते, तिने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. तिथल्या तिथे ठेवला. पण माझ्या विश्वासावर ऱ्हाईनकाठचा एकही सुतार त्याच्या शेजारच्या बाकापाशी उभा राहणार नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.