गालावरची हळद

न्युरेम्बर्गच्या घरी आज लेकीसाठी, ईशासाठी, लग्नाची हळद कालवताना तो वास नाकात गेला आणि मला आइस हॉकीचं ते गारठलेलं स्टेडियम आठवलं.

ईशा तेव्हा तिसरीत होती. जर्मनीच्या ज्युनियर संघाची चेकियाशी मॅच होती. गालावर झेंडा हवाच म्हणून ती हटून बसली आणि घरात रंग नव्हते. मग मी काजळ, देव्हाऱ्यातलं कुंकू आणि तेलात कालवलेली हळद घेतली. काळा, लाल, सोनेरी. हुबेहूब झेंडा! घसा बसेपर्यंत "डॉइचलांड" ओरडली पोरगी.

जर्मनी अगदी शेवटी हरली. ईशा हुंदके देऊन रडायला लागली. तेव्हा मागच्या रांगेतला एक मेला वाकून तिला जर्मनमध्ये म्हणाला, "तू कशाला रडतेस? हरलो ते आम्ही."

तिचं रडणं तिथेच थांबलं. टॉयलेटमध्ये जाऊन तिने गाल खसाखसा घासला. काजळ गेलं, कुंकू गेलं, हळद काही निघेना. दुसऱ्या दिवशी तशीच शाळेत गेली.

आज पाटावर बसून तिने हात पुढे केले, पाय पुढे केले. मी वाटी घेऊन तोंडाशी वाकले, तशी एरवी जर्मनमध्येच उत्तर देणारी माझी लेक मराठीत म्हणाली, "गालाला नको, आई."