गुडघ्याएवढी खुर्ची

माझ्या व्हरांड्यात घाणेरीच्या काड्यांची एक बुटकी खुर्ची आहे. घाणेरी म्हणजे जंगलात माजणारं झुडूप, गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. जंगलाकडेच्या एका गावात बायका ते तोडून आणतात, काड्या उकळून सोलतात आणि गरम असतानाच वाकवून खुर्च्या करतात. मी तिथे गेले, तेव्हा काही खुर्च्या शहरातून परत आल्या होत्या. उंची कमी पडली म्हणून.

"मोजायला टेप दिला होता ना?" मी तिथल्या सुमनबाईंना विचारलं.

"दिला ना जी. थो काय, खुटीले टांगला हाये." त्यांनी एक काडी पायाशी उभी धरली. "मी आपली गुडघ्यानं मोजतो. आमच्या घरी कुठं खुर्ची हाये?"

त्या परत आलेल्यांतलीच एक मी घेतली.

बसची पायरी, बँकेची खिडकी, हीसुद्धा कुणाच्या तरी अंगाच्या मापानंच ठरलेली असणार. आपल्या मापाची असली की ते जाणवत नाही, इतकंच. पाहुणे या खुर्चीचं कौतुक करतात आणि दुसरीवर बसतात.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या शांताबाई चहा उंबऱ्याशी बसूनच घेतात. कितीदा सांगितलं, तरी खुर्चीला हातही लावत नाहीत. परवा बाहेर आले, तर कप घेऊन त्या या खुर्चीवर बसल्या होत्या. दोन्ही पावलं जमिनीवर नीट टेकलेली.

मला पाहून त्या उठल्या नाहीत.