बिननंबरची जोंगा

आमचे मिस्टर फौजेत ड्रायव्हर होते आणि मी आरमोरीजवळच्या एका गावात उपकेंद्राची नर्स. त्यामुळे आमचा संसार आधी पत्रांत झाला आणि पुढे फोनवर. ते सुटीवर यायचे, घराची सवय व्हायच्या आत परत जायचे. मूल झालं नाही. लोकांची बाळं वजनकाट्यावर ठेवता ठेवता माझी नोकरी संपत आली, तेव्हा ते कायमचे घरी आले. मला वाटलं, आता तरी दोघं मिळून चहा पिऊ.

थोडे दिवस प्यायलोही. मग ते अस्वस्थ झाले. शेतात जायचे, यायचे, कुलरची जाळी खोलून पुन्हा बसवायचे. एक दिवस माजरीच्या एका दोस्तासोबत लष्कराच्या डेपोतल्या लिलावाला गेले. दोस्त कोळसा खाणीतून रिटायर झालेला. जाताना "पाहून येतो" एवढंच बोलले होते. परत आले ते ट्रकवर एक गाडी लादून.

ती जोंगा होती. फौजेची लांब नाकाची, जाड पत्र्याची, हिरवी गाडी. टपाचं कापड फाटलेलं, एक दिवा गायब, सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या. ट्रकवरून उतरवताना अर्धं गाव अंगणात जमलं.

"काऊन आणली हे?" मी विचारलं.

"चालवाले."

"कुठी जाचं आहे तुम्हाले?"

"तू म्हणशील तिथी," ते हसून म्हणाले आणि लगेच बोनेट उघडून आत वाकले. त्यानंतर बरेच महिने मी त्यांची पाठच जास्त पाहिली.

मला त्या गाडीचा राग यायचा. हे खरं आहे आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवलं होतं. इतकी वर्षं सरहद्दीने नेलेला माणूस परत आला आणि अंगणातच हरवला. जेवायला हाक मारली की "आलो" म्हणायचे, येत नसत. पण इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी विसरले नाही. धुराने अंगण भरलं, शेजाऱ्यांच्या कोंबड्या कौलांवर उडाल्या, आणि हा मिशीवाला माणूस ग्रीसने भरलेल्या हातांनी टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते नंबर घ्यायला परिवहन कार्यालयात गेले. संध्याकाळी आले आणि शर्ट न बदलताच खाटेवर बसले. सरकारचं परिपत्रक आलं होतं. फौजेतून काढलेल्या जुन्या गाड्यांना यापुढे रस्त्यावर चालवायला नंबर देऊ नये. गाडी जुनी, नागरी रस्त्यासाठी बनवलेली नाही, आणि फौजेसारखी दिसते. लिलावात घेतली ती कायदेशीर, घरात ठेवली तीही कायदेशीर, फाटकाबाहेर काढली की गुन्हा.

"सरकारनंच विकली ना जी आमाले?" ते मला विचारत होते, जणू मीच तिथली साहेब. "मग सरकारच काऊन म्हणते, चालवू नको?"

त्यांनी अर्ज केले, अपील केलं. उत्तर एकच येत राहिलं. ते रोज संध्याकाळी गाडी सुरू करायचे, अंगणातल्या अंगणात हातभर पुढे-मागे घ्यायचे आणि बंद करायचे. मग दिवाळीनंतर, धानाच्या कापणीत, ते बांधावर बसले आणि उठलेच नाहीत. बोलावणं आलं तेव्हा मी धावत गेले. नर्स होते, बघताच कळलं होतं. तरी छाती दाबत राहिले. शेवटी कापणीच्या बायांनी मला धरून बाजूला केलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. माझी नोकरीही तोवर संपली होती. घर आधीही बरीच वर्षं मी एकटीनेच चालवलं होतं, तेव्हा मला वाटलं होतं, सवय असेल. पण कुणाची तरी वाट पाहणारं एकटेपण वेगळं. हे दुसरं होतं. मी सकाळी उठून अंगण झाडायचे, गाडीच्या चारी बाजूंनी झाडायचे, आणि दिवस तिथेच संपल्यासारखा वाटायचा.

ब्रह्मपुरीचा भंगारवाला आला. मीच बोलावला होता. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, पत्रा ठोकून पाहिला. "बाई, तोडून न्या लागन. इथंच गॅस-कटरनं कापतो," म्हणाला. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि नाही म्हणाले. का, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. गाडीवर प्रेम नव्हतंच. पण माझ्या अंगणात ते कापणं मला बघवलं नसतं. तो कुरकुरत गेला.

काही दिवसांनी माजरीच्या भाऊंचा फोन आला. मिस्टरांबरोबर लिलावाला गेलेले तेच. त्यांनीही तेव्हा एक छोटी जीप घेतली होती आणि तीही बिननंबरची पडून होती.

"वहिनी, मी नागपूरले कोर्टात जाऊन राह्यलो," ते म्हणाले. "धानोऱ्याकडचा एक माणूसही आहे, जंगलातल्या गावचा. तुमचं नाव टाकू का?"

"मले गाडीतलं काही समजत नाई, भाऊ."

"मले कोर्टातलं समजत नाई. चालते."

अशी मी त्या भांडणात शिरले. वकिलाच्या खोलीत आम्ही तिघं बाकावर बसायचो. धानोऱ्याकडचे दादा गोंड शेतकरी होते, कमी बोलायचे. त्यांच्या गावातून पावसाळ्यात आजारी माणूस बाहेर काढायला दुसरी कोणतीच गाडी चिखलातून निघत नसे, म्हणून त्यांनी फौजेची जुनी जीप घेतली होती. मी असल्या गावांत लसीचा डबा घेऊन चिखल तुडवला होता. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि मला ती वाट डोळ्यांसमोर दिसली.

सरकारच्या उत्तरात आमच्या गाड्यांसाठी एक शब्द वापरला होता: निर्लेखित. तो शब्द माझ्या ओळखीचा होता. उपकेंद्रातले मोडके काटे, गंजलेल्या खाटा, फुटलेले आइसबॉक्स यांच्या नावांपुढे रजिस्टरात मी स्वतः तो लिहिला होता. लिहिला की वस्तू हिशेबातून गेली, मग ती चालो की न चालो. वकिलाच्या खोलीत तो शब्द वाचताना मला एकदम वाटलं, रिटायर झाल्यावर आणि नवरा गेल्यावर बाईलाही लोक मनातल्या मनात हेच लिहीत असतील.

तारखेच्या दिवसांची मी वाट पाहायला लागले. पहाटेची एसटी, ब्रह्मपुरीला चहा, मग नागपूर. कोर्टाच्या आवारात माजरीचे भाऊ आधीच येऊन उभे असायचे, हातात डबा. त्यांची बायको बरीच वर्षं आधी गेली होती. वांग्याची भाजी ते स्वतः करायचे आणि ती नेहमी खारट असायची. आम्ही झाडाखाली बसून डबे वाटून खायचो. ते खाणीतल्या गोष्टी सांगायचे, मी बाळंतपणांच्या. तारीख पुढे ढकलली तर वकील ओशाळायचे. आम्हाला तेवढं वाईट वाटत नसे.

आधी दादा गळाले. एका तारखेला आले आणि वकिलाला म्हणाले, माझं नाव काढून टाका. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं.

"बाई, आमच्या इकडं हिरवी गाडी म्हणजे दोन्हीकडून डोळे," ते हळूच म्हणाले. "पोलीस विचारते, फौजेची गाडी तुझ्याकडं कशी. अन् जंगलातले बंदूकवाले विचारते, फौजेची गाडी तुझ्याकडं कशी. नंबर भेटला तरी मी काय उत्तर देऊ? मोहाच्या झाडाखाली उभी केली. कोंबड्या अंडी घालून राह्यल्या तिच्यात."

सरकारचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे त्या दिवशी कळलं. पण दादांच्या गावचा चिखलही खोटा नव्हता.

मग भाऊंची छाती भरू लागली. खाणीतली धूळ, आणखी काय. मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. जीप भंगारात गेली. जाण्याआधी त्यांनी फोन केला.

"वहिनी, माफ करजा. तुमाले एकटं टाकून चाललो."

"भाऊ, औषध वेळेवर घेत जाजा," एवढंच मला सुचलं. आयुष्यभर रोग्यांशीच बोललेल्या बाईला दुसरं बोलणं येत नाही.

पुढच्या तारखेला मी सवयीने जास्तीचा भात बांधून नेला. झाडाखाली एकटी बसले आणि अर्धा डबा तसाच परत आणला.

निकाल लागला तो साधा होता. कोर्टाने सांगितलं, सरसकट नाही म्हणू नका, गाडी तपासा, योग्य असेल तर नंबर द्या. वकील खूश होते, मला पेढा दिला. आनंद झाला, पण तो ठेवायला जागा सापडेना. एसटीत शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं, पण ती झोपली होती.

तपासणीआधी कार्यालयाने कळवलं की हिरवा रंग चालणार नाही, बदलून आणा. मी अंगणात बसून पॉलिश पेपरने रंग घासायला घेतला. हिरव्याखाली दुसरा हिरवा निघाला, त्याखाली वाळूचा रंग, त्याखाली पुन्हा हिरवा. ती गाडी कुठे कुठे राहून आली होती कोण जाणे. मिस्टरही असेच कुठे कुठे राहिले होते आणि त्यांनी मला फार थोडं सांगितलं होतं. खांदे दुखेपर्यंत घासलं. त्या कामात मी बरीच रडले आणि मला बरं वाटलं. रंग कोणता द्यायचा, पेंटरने विचारलं. तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यांना लावून उरलेला निळा त्याच्याकडे होता. मी म्हटलं, तोच लाव.

गाडी चालवणार कोण, हा प्रश्न होताच. शेजारचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, मी येतो. पण तपासणी कधी ठरेल आणि तेव्हा तो कुठल्या शेतात असेल, याचा भरवसा नव्हता. त्यालाच म्हटलं, मला शिकव. परसालगतच्या, कापणी झालेल्या आमच्या धानाच्या बांधीत मी या वयात गाडी शिकले. स्टिअरिंग इतकं जड की दंडांत गोळे यायचे. पहिल्याच दिवशी मी बांध फोडून दुसऱ्याच्या वावरात शिरले.

"ब्रेक, बाई, ब्रेक!" तो मागून धावत ओरडत होता.

"दाबूनच राह्यली ना!"

"तो क्लच होय, माय!"

बांधावरच्या बाया पोट धरून हसल्या. मीही हसले. घरात कितीतरी दिवसांत माझा हसण्याचा आवाज झाला नव्हता, तो असा वावरात झाला. पुढे रीतसर परवानाही काढला.

तपासणीला गाडी ट्रकवर लादूनच न्यावी लागली. मैदानातले साहेब तरुण होते, सरळ होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चालवणार कोण, मॅडम?"

"मी."

ते बाजूला झाले. पहिल्या खेपेला हँडब्रेक धरला नाही आणि हॉर्न वाजला नाही. त्यांनी नापास केलं. मला राग आला नाही, खरंच धरत नव्हता. दुरुस्त करून पुन्हा नेली. त्या वेळी चढावर उभी केली तर तसूभर सरकली नाही. भाड्याने चालवायची नाही, रंग पुन्हा बदलायचा नाही, अशा अटींवर नंबर मिळाला.

पाटी लावली त्या दुपारी मी पुण्याला फोन केला. सुनेने उचलला, मग भाऊ आले. आवाज पातळ झाला होता.

"निळी?" ते म्हणाले. "जोंगा अन् निळी?" आणि हसता हसता खोकू लागले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "आवाज ऐकवा ना, वहिनी."

मी फोन बोनेटवर ठेवून गाडी सुरू केली. थोड्या वेळाने उचलून कानाला लावला. "बेस आहे," पलीकडून ते म्हणाले. मग सुनेचा आवाज आला, बाबांना आता आराम करू द्या.

गाडी बंद न करताच मी फाटक उघडलं आणि रस्त्यावर घेतली. वैनगंगेच्या पुलावर मागून हॉर्न वाजत होते, मी हळूहळूच चालवत राहिले. ब्रह्मपुरीत प्रवासी नेणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांच्या रांगेजवळ थांबले तर एकाने विचारलं, "बाई, सीटा भरून राह्यल्या का?" नाही म्हटलं. वांगी घेतली, चहापत्ती घेतली. चहाच्या टपरीवर एकच कप सांगितला आणि गाडीत बसूनच प्यायला. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली होती. ती घसरायला लागली, म्हणून हाताने धरली आणि तशीच थोडा वेळ धरून बसले.

उन्हं उतरायच्या आत घरी आले. गाडी अंगणात लावली, किल्ली फिरवली. एवढ्या आवाजानंतर घर नेहमीपेक्षा जास्तच शांत झालं. मी तशीच स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग उतरले, वांगी धुतली आणि चूल पेटवली.