चार हात खाली

लेकीच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर आमच्याकडची माणसं शनिवार-रविवार गाड्या घेऊन तिकडं लोटतील आणि तेही पलीकडच्या गावासारखं होईल. पलीकडं, म्हणजे खाडीवरचा पूल ओलांडला की, मोठा किनारा आहे. तिथं उंट आहेत, घोडागाड्या आहेत, पाण्यावर फटफट्या पळवतात, आणि जेवायला लोक रांगा लावतात. अलीकडं, लेक राहते तिथं, दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

जावई मूळचा ह्याच गावचा. चाकणला कंपनीत लागला आणि कुरुळीला आमच्या चाळीत खोली घेऊन राहिला. माझ्या लेकीनं त्याच्याशीच लग्न करायचं म्हटलं. मी नाही म्हटलं, ती करणारच म्हणाली. हट्ट तिनं कुणाकडून घेतला हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी फार बोललो नाही. पाच-सात वर्षं ती आमच्याच वरच्या मजल्यावर होती. मग ह्या माणसानं चालू नोकरी सोडली आणि तिला घेऊन गावी गेला. नारळी-पोफळीची वाडी, आणि घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या, एवढ्यावर संसार. मी म्हटलं, वर्षाच्या आत परत येतील. दोन वर्षं झाली तरी आले नाहीत, तेव्हा मीच एसटीत बसलो. सांगायला पाहुणा म्हणून गेलो, पण तिला आणायलाच गेलो होतो. हे खरं आहे ते लिहितो.

पहिले दोन दिवस मला काही उमजेना. सकाळी समुद्र माडांच्या बुडाशी होता, दुपारी बघतो तर पार लांब गेलेला. आमच्याकडं पाणी एकदा गेलं की वर्षभर परत येत नाही.

"ह्ये पाणी जातंय कुटं?" मी लेकीला विचारलं.

"कुटं न्हाई अप्पा. येतंय माघारी. बसा जरा गप."

गप बसायची मला सवय नाही. कुरुळीला दिवसभर ट्रक, कंपनीच्या बसगाड्या, हॉर्न. इथल्या शांततेत माझे कान दुखायला लागले. म्हणून हिंडत हिंडत मी विहिरीपाशी गेलो.

विहीर म्हणजे जांभ्या दगडाची गोल भिंत, बारा हात खोल, तळाला रेती आणि गुडघाभर पाणी. मे महिना होता. पंप वीस मिनिटं चालला की वारा ओढायचा. वाडी सुकत होती, आणि पाहुण्यांना आंघोळीला बादल्या मोजून द्याव्या लागत होत्या. आता मी चौथीच्या पुढं शाळेत गेलो नाही, पण कंपन्या यायच्या आधी आमच्या चार गावांत विहीर कुठं घ्यायची हे मला विचारून ठरायचं. माझी स्वतःची विहीर काळ्या खडकात पस्तीस हात होती. पाणी कमी पडलं की खाली जायचं, आम्हाला तेवढंच ठाऊक.

"चार हात खाली न्या हिला," मी जावयाला म्हटलं.

त्यानं डोकं खाजवलं. लग्नानंतरही तो मला मालकच म्हणायचा, भाडेकरू असतानाची जुनी सवय. "मालक, इकडे खाली नाय नेत. माझ्या आज्यानेसुद्धा नाय नेली."

"तुज्या आज्याकडं पंप व्हता का?"

तो हसला, पण हो म्हणाला नाही. त्याची आई ओसरीवर कोकमं फोडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "व्याही, तुमच्याकडे खडक. इथे खाली काय आहे ते समोर दिसतंय की."

समोर समुद्र होता. मला वाटलं, समुद्र तिथं, विहीर इथं, मधे दोनशे पावलं. संबंध काय? मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "बरं बाबा."

मग लेक बोलली. "करू दे त्यांना. अप्पांना विहिरीतलं कळतं." माझ्या लेकीनं माझी बाजू घेतली, कितीक वर्षांनी. जावई गुमान गावातली दोन माणसं बोलवून आला.

रेती ढासळू नये म्हणून सिमेंटचं कडं उतरवून मधोमध चार हात खणलं. मी काठावर उभा राहून हुकूम सोडत होतो. पाणी असं आलं की खणणाऱ्यांना वर ओढायची घाई झाली. ओंजळभर पिऊन बघितलं, गोड. नारळ फोडला. पंप दोन तास चालला आणि वाडीचे पाट भरून वाहिले. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून मी ते पाणी दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा फाटला.

खोलीत पुनावळ्याहून आलेलं एक कुटुंब उतरलं होतं. लेकीनं दूध बदलून दुसरा चहा ठेवला, तोही फाटला. विहीणबाईंनी बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि बादली तशीच माझ्यापुढं ठेवली. मी चूळ भरली. खारं पाणी.

तेव्हा विहीणबाईंनी मला सांगितलं, आणि समजून घ्यायला अर्धा दिवस लागला. इथं गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या अंगावर सायीसारखं पसरून असतं. साय वरच्या वर काढायची. खाली हात घातला की गेलं. पुनावळ्याची माणसं दुपारी पूल ओलांडून गर्दीच्या गावात राहायला गेली. पुढच्या दोन पाहुण्यांना लेकीनंच फोन करून नका येऊ म्हणून सांगितलं.

"मुद्दाम केलंत काय हो?" विहीणबाईंनी मला सरळ विचारलं. "तुम्ही तिला न्यायला आलात, हे काय आम्हाला कळत नाही?"

"बाई, मी जल्मात कुनाची विहीर नासवली न्हाई!" माझा आवाज चढला. पण वाडीत जाऊन बसलो तेव्हा आवाज कुठं गेला कळेना. पाणी लागलं तेव्हा मी लेकरासारखा खूश झालो होतो, त्यात खोट नाही. पण चहा फाटला त्या घटकेला पोटात असंही आलं होतं की आता ही घरी येईल. ही दोन्ही एकाच माणसाच्या पोटात कशी? मी मुद्दाम केलं नाही. नाही केलं म्हणून छातीवर हात ठेवून सांगता येईना.

जावयानं ती खारी बादली उचलली आणि फाटकाबाहेर ओतून आला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी टोपलं घेतलं. काढलेली रेती कुंपणाशी पडली होती, तीच परत विहिरीत टाकायला लागलो. विहीर बुजवायचं काम मी कधी केलेलं नव्हतं, हात वळेनात. माझ्या टोपल्याचा दुसरा कान कुणीतरी धरला. जावई. आम्ही दोघांनी तीन दिवस रेती टाकली. पंप काढून ठेवला. पोहऱ्यानं थोडं थोडं उपसायचं, बाकी वाट बघायची, असं विहीणबाईंनी सांगितलं आणि ह्या वेळी मी ऐकलं.

मी परतीचं तिकीट सोडून दिलं होतं. रोज सकाळी लेक पोहरा वर काढायची आणि तांब्या माझ्याकडं द्यायची. आठव्या का नवव्या दिवशीही तसाच दिला.

"खारट हाय," मी म्हटलं.

"कालच्यापेक्षा उतरलंय."

"मला सारखंच लागतंय."

तिनं एक घोट घेतला, सावकाश. "उतरलंय अप्पा."

ती माझ्या समाधानासाठी म्हणते, की तिची जीभ आता इथली झाली, मला ओळखता येईना. मी म्हटलं, "पाऊस पडस्तोवर तरी चल घरी. मग ये."

तिनं पोहऱ्याचा दोर गुंडाळून ठेवला. "तुमी माझी विहीर नीट कराय ऱ्हायलाय, का मला न्यायला? एक काय ते ठरवा की."

आयुष्यात मी कुणाला विचारलं नव्हतं, ते तिला विचारलं. "मी काय करू, तूच सांग."

"शेजारच्या विहिरीवरनं दोन हंडे आना. दुपारी खोलीत मानसं येनारेत."

"पाणी खारट असताना बोलावलीस?"

"प्यायचं आनून देऊ. आंघोळीला चालतंय की. सांगून बोलावलंय त्यांना."

मी हंडे उचलले. आमच्याकडं बाप्यामाणूस पाण्याला जात नाही. फाटकाबाहेर आल्यावर ध्यानात आलं, शेजाऱ्याची विहीर उजवीकडं की डावीकडं हे मी विचारलंच नव्हतं. माघारी वळायला लाज वाटली. उजवीकडं चालू लागलो.