माझ्या वाट्याचं भेकर

"साहेब, तुझा वाटा आणलाय," असं म्हणत लहानूबाबाने पळसाच्या पानांची पुडी माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर ठेवली. मी चहा गाळत होतो. पुडी उघडली तर आत मटण.

"कशाचं?"

"थोडं डुकराचं, थोडं भेकराचं. काल हाका झाला ना, त्याचं."

भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. हाका म्हणजे आरडाओरडा करून जनावर जाळ्याकडे पळवणं. आणि मी होतो वनपाल. राखीव जंगलात शिकार झाली तर ती पकडायचं काम माझं. हा गृहस्थ मात्र शिकारीचा पुरावा सकाळी सकाळी माझ्याच दारात आणून, वर "मीठ बेतानं टाक" असंही सांगत होता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावरची. मी नाशिकलगतच्या मखमलाबादच्या माळ्याचा मुलगा. घरी कोबी-फ्लॉवरचा मळा. रानडुक्कर पहिल्यांदा पाहिलं ते नोकरीत. लाकूडचोर कुठल्या पायवाटेने येतात, वणवा कुठल्या उतारावरून चढतो, हे सगळं मला पाड्याच्या या कारभारी म्हाताऱ्याने हिंडवून दाखवलं होतं. बायको नाशिकला, मी इथे एकटा. आजारी पडलो की पेज त्याच्याच घरून यायची.

"बाबा, मला देऊन तू स्वतःच अडकलास की!"

"अडकायचं काय त्यात? जो रान राखतो त्याचा वाटा काढावाच लागतो. तुला सोडून खाल्लं तर ती चोरी झाली."

मी कपाळाला हात लावला. माझ्या कायद्यात शिकार हाच गुन्हा. त्याच्या कायद्यात वाटा न देणं हा गुन्हा. आणि तो बिचारा गुन्हा होऊ नये म्हणूनच तर आला होता.

मटण ठेवून घेतलं तर मीच आरोपी, नोकरी गेलीच. गुपचूप परत केलं तर गुन्हा दडवला. केस केली तर म्हातारा आत, आणि पाडा माझ्यापासून तुटला. उन्हाळा तोंडावर आला होता. वणवा लागला की खात्याची माणसं मूठभर आणि डोंगर एवढा थोरला. विझवायला धावतो तो पाडा. इकडे आड, तिकडे विहीर.

विचार करायलाही फुरसत मिळाली नाही. त्याच दिवशी रेंजर साहेब इन्स्पेक्शनला आले. मी सगळं सांगून टाकलं.

"पीओआर फाडा," साहेब म्हणाले. पीओआर म्हणजे जंगलातल्या गुन्ह्याची पहिली नोंद, पोलिसांच्या एफआयआरसारखी. "आरोपी कोण?"

"सगळा पाडा, साहेब."

"सगळा पाडा जीपमध्ये मावतो का? नाव सांगा."

आम्ही पाड्यावर गेलो. साहेबांनी विचारलं, शिकार कुणी केली? मला वाटलं होतं, सगळे जमिनीकडे बघतील. कसलं काय! "मी हाकारलं," एक म्हणाला. "वाघूर माझी," दुसरा म्हणाला. वाघूर म्हणजे शिकारीचं जाळं. ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते म्हणाले, "आम्ही खाल्लं." लहानूबाबाची सून पोटुशी होती. ती पुढे झाली. "मी दोन वाटे खाल्ले. एक माझा, एक याचा," म्हणून तिने पोटावर हात ठेवला. पोटातल्या जिवाचाही वाटा काढायची तिथली रीत. साहेबांनी पटकन पाठ फिरवली. ते हसत होते, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

"हसून चालायचं नाही," ते मला हळूच म्हणाले. "एक तरी नाव द्या."

लहानूबाबा उठला. "हाक्याआधी रानाला नारळ मी फोडला. माझ्या सांगण्यावरून सगळे गेले. माझं नाव लिही." आणि स्वतःच जीपकडे चालू लागला. चढताना त्याने मला विचारलं, "तू खाल्लं का?"

"नाही बाबा. ते पुरावा म्हणून सील केलं."

"अरारा," तो हळहळला. "वाया गेलं."

वाघुरी जप्त झाल्या. म्हाताऱ्याला जामीन मिळाला, पण पेठच्या कोर्टात खेपा मागे लागल्या. पाड्याने मला शिवी दिली नाही की काही नाही. फक्त कुणी चहाला थांबवेना, आणि मी दिसलो की ओट्यावरच्या गप्पा बंद व्हायच्या. मी चुकलो असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मारलेलं भेकर मादी होतं. तरीही क्वार्टरमध्ये एकट्याने जेवायला बसलो की अर्धं ताट तसंच उरायचं.

होळी झाली आणि एका दुपारी वरच्या उतारावर धूर दिसला. वनरक्षकाला घेऊन मी धावलो. पाड्यात जाऊन हाक मारायला मला तोंड नव्हतं. धापा टाकत डोंगराच्या धारेवर चढलो, तर पाडा आधीच तिथे. बायका पालापाचोळा ओढून जमीन उघडी करत होत्या, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरू नये. पुरुष हिरव्या फांद्यांनी जाळ झोडपत होते. सगळ्यांच्या पुढे लहानूबाबा, भुवया जळालेला. मीही फांदी तोडली आणि त्यांच्यात घुसलो. ऊन कलता कलता आग आटोक्यात आली.

मी पाण्याचा कॅन घेऊन त्याच्याकडे गेलो. "बाबा, तू आलास. लय उपकार झाले."

"तुझ्यासाठी कोण आलंय?" तो म्हणाला. "रान पेटलं व्हतं."

पाणी मात्र तो माझ्या हातचं प्यायला.

पुढे माझी बदली नाशिकच्या ऑफिसात झाली. पंख्याखाली बसून नोकरी संपवली, पण जीव रमला तो त्या डोंगरावरच. आता ओळखीचे लोक विचारतात, जंगल राखायला खात्याला किती माणसं लागतात हो? मी सांगतो, केस करायला एक वनपाल पुरतो. आग विझवायला पाडा लागतो, आणि तो खात्याच्या पगारावर नसतो.